काठ, दुमड आणि ताण : वऱ्हाडातील वस्त्राच्या कडेचा इतिहास

१. विषयाची मर्यादा

वऱ्हाडच्या आर्थिक इतिहासात कापसाला जे स्थान मिळाले आहे ते कापडाला मिळालेले नाही, आणि कापडाविषयी जे थोडेबहुत लिहिले गेले त्यात शिवणकामाचा उल्लेख क्वचितच आढळतो. कापसाचा हिशेब गाठींच्या संख्येने सरकारदप्तरी ठेवला गेला. मागांची मोजदादही अधूनमधून झाली. शिंप्याच्या टाक्यांची नोंद ठेवण्याचे प्रयोजन मात्र कोणास वाटले नाही. तथापि वस्त्र पूर्ण होते ते त्याच्या कडेशी. कड कोणी बांधली, कोणत्या साधनाने बांधली आणि त्या श्रमाचे मोल कोणाच्या पदरी पडले, या प्रश्नांची उत्तरे शोधली असता या प्रदेशातील वस्त्रव्यवसायाच्या स्थित्यंतराचा एक निराळा धागा हाती लागतो.

मराठीत वस्त्राच्या कडेसाठी एकच शब्द नाही. काठ, किनार, दशा, दुमड हे शब्द आपण सैलपणे वापरतो. परंतु त्यांतील प्रत्येकामागे वेगळा कारागीर उभा आहे. काठ मागावर विणला जातो, म्हणून तो कोष्ट्याचा वा साळ्याचा. दशा म्हणजे मागावरून उतरविलेल्या कापडाच्या टोकाशी उरलेली ताण्याची सुते. त्यांना पीळ वा गाठ देण्याचे काम घरातही होई. दुमड ही सुईची, म्हणून ती शिंप्याची. होजिअरीच्या म्हणजे फासे गुंफून तयार केलेल्या आणि ताणल्यास लांबणाऱ्या कापडाची कड या तिघांच्याही पलीकडची आहे. ती मुख्यतः कारखान्याची झाली. अमरावती व अकोला हे दोन जिल्हे दृष्टीपुढे ठेवून या क्रमाचा येथे विचार केला आहे.

२. काठाचे वस्त्र

धोतर, लुगडे, उपरणे, शेला, पागोटे ही जुन्या वऱ्हाडातील प्रमुख वस्त्रे होत. ती अंगाच्या मापाने मागावरच पूर्ण होत. बाण्याचे सूत ताण्याच्या शेवटच्या सुताला वळसा घालून परत फिरते, आणि त्या परतण्यातच काठ आपोआप बंद होतो. अशा कडेला सुईची गरज नसते. बाळापूरची पागोटी, अकोटच्या सुती सतरंज्या, एलिचपूर म्हणजे आजचे अचलपूर येथील रेशमी काम हे सर्व या एकाच तत्त्वावर उभे होते : वस्त्र विणणाऱ्यानेच त्याची कड राखावयाची.

याचा अर्थ सुई अज्ञात होती असा नव्हे. चोळी, बंडी, अंगरखा, कुडते ही शिवलेलीच वस्त्रे होत, आणि संत नामदेवांच्या ज्ञातीचा व्यवसाय म्हणून शिंप्याच्या कामाला महाराष्ट्रात मोठी परंपरा आहे. परंतु रसेल व हिरालाल यांनी १९१६ साली मध्यप्रांतातील जातीजमातींवर जो ग्रंथ सिद्ध केला, त्यात शिंपी-दर्जी हा वर्ग प्रामुख्याने नागरी असल्याचे नमूद आहे. खेड्यातील माणसाच्या अंगावरील बहुतेक कापडाला शिंप्याचा हात लागत नसे.

घरोघरी शिवली जाणारी गोष्ट म्हणजे गोधडी. जुनेराचे थर एकावर एक घालून ते धावदोऱ्याने एकत्र बांधावयाचे, ही तिची रीत. अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेल्या गाडगे महाराजांनी चिंध्या जोडलेले वस्त्र अंगावर वागविले, हे सर्वश्रुत आहे. शिवणशास्त्राच्या दृष्टीने हे टोकाचे उदाहरण होय : ज्या वस्त्रात जागोजागी कडाच आहेत आणि त्यांतील एकीलाही झाकण्याचा खटाटोप नाही, असे ते वस्त्र. धावदोरा सैल असतो, त्याचा दोरा थोडा सरकतो, म्हणूनच तो वर्षानुवर्षे टिकतो. होजिअरीच्या कापडाचा विचार करताना या साध्या गोष्टीचा पुढे उपयोग होणार आहे.

३. वाराने मोजलेले कापड आणि टीप

१८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून कंपनी सरकारच्या कारभाराखाली आला. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, हिंदी कापसाला अपूर्व मागणी आली. १८६७ साली लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचला, आणि १८७० साली खामगावची शाखा सुरू झाली. अमरावतीचे नाव तर कापसाच्या एका प्रतवारीलाच मिळाले. मुंबई व लिव्हरपूलच्या बाजारांत हा माल ‘उमरा’ म्हणून ओळखला जाई. मध्यप्रांत व वऱ्हाडचे कापूस-आयुक्त रिव्हेट-कार्नॅक यांच्या लेखनात या व्यवस्थेचे दुसरे अंगही स्पष्ट होते : विलायती सूत व कापड येथे स्वस्त मिळू लागले म्हणजे स्थानिक माग मागे पडतील, आणि तेथे खपणारा कापूस व राबणारे हात निर्यातीच्या पिकाकडे वळतील, अशी त्यांची अपेक्षा होती.

आगगाडीने कापूस नेला आणि कापडाची थाने आणली. पुढे नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली. वऱ्हाडातही बडनेरा, अकोला व एलिचपूर येथे गिरण्या निघाल्या. गिरण्या काठाची धोतरेही विणीत, हे खरे. परंतु सदरा, कोट, पायजमा, परकर यांसाठी लागणारे कापड वाराने मोजून फाडले जाई, आणि फाडलेल्या कडेची सुते सुटतात. ती कड दोनदा आत दुमडून शिवल्याखेरीज कपडा टिकत नाही. विणकराच्या हातून सुटलेली कड अशा रीतीने शिंप्याकडे आली.

याच वेळी शिवणयंत्र आले. थिमोनिए या फ्रेंच शिंप्याने १८३० साली साखळी टाक्याच्या यंत्राचा हक्क मिळविला होता. परंतु जगभर पसरला तो एलायस हाऊच्या १८४६ च्या आणि सिंगरच्या १८५१ च्या यंत्रांतील टाका. यात वरचा दोरा सुईतून येतो, खालचा बॉबिनमधून, आणि दोघांची आढी कापडाच्या जाडीत पडते. आपल्याकडील शिंपी याला ‘टीप’ म्हणतात. वरून व खालून सारखी दिसणारी, घट्ट, सहजी न उसवणारी ही टीप मागावरच्या कापडाला अत्यंत मानवते, कारण ते कापडही टीपेप्रमाणेच लांबीत फारसे ताणले जात नाही.

सिंगर कंपनीने हप्त्याहप्त्याने यंत्र देण्याची पद्धत हिंदुस्थानातही अवलंबिली. कापडाच्या दुकानाच्या ओट्यावर एक यंत्र घेऊन बसलेला शिंपी हे जे दृश्य वऱ्हाडातील पेठांतून रूढ झाले, त्याचे आर्थिक सूत्र ‘एक शिंपी, एक यंत्र’ असे मांडता येईल. जोडणे, दुमडणे, खिसा लावणे ही सर्व कामे एकाच टीपेने होत. उरले काज, ते हाताने. यंत्रांविषयी साशंक असलेल्या गांधीजींनी १९२४ साली शिवणयंत्राचा अपवाद केला, तोही या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. हे यंत्र कारागिराला विस्थापित न करता त्याच्या हाताखाली राहिले होते.

४. होजिअरीच्या कापडाची प्रकृती

मागावरच्या कापडात उभी व आडवी सुते एकमेकांना छेदून जातात. होजिअरीच्या कापडात छेद नाही; एकच सूत फास्यातून फासा काढीत पुढे जाते. फासा हा मूलतः वाकलेला दोरा असल्याने ओढ बसताच तो सरळ होऊ पाहतो आणि ओढ सुटताच पूर्ववत होतो. या कापडाची सारी लवचिकता फास्याच्या या वाकात आहे. त्याच्या कडेचे तीन दोषही येथूनच निघतात. एक, साध्या विणीच्या कापडाची कापलेली कड गुंडाळते; बाजूच्या कडा मागे व वरखालच्या कडा पुढे वळतात. दोन, फासा तुटल्यास त्याच्या रांगेतील फासे एकामागून एक सुटत जातात. तीन, कड ताणली असता लांबते, आणि तिला धरणारा टाका लांबला नाही तर तुटतो.

या विणीचा यांत्रिक इतिहास शिवणयंत्राहून फार जुना आहे. विल्यम ली याने १५८९ साली इंग्लंडातील नॉटिंगहॅमशायर परगण्यात मोजे विणण्याची चौकट बनविली. जेडेडाया स्ट्रट याने १७५९ च्या सुमारास उभ्या धारांची, अधिक ताणणारी वीण त्याच चौकटीवर साधली. सदऱ्याच्या मनगटाशी किंवा मोज्याच्या तोंडाशी दिसणारी ही धारेची वीण गुंडाळत नाही. तीच होजिअरीचा काठ होय, असे म्हणता येईल. विणणाराच कड राखीत होता, जसा बाळापूरचा विणकर राखी. एकोणिसाव्या शतकात गोल यंत्रे आली, १८४९ साली मॅथ्यू टाउनसेंडने झडपेच्या सुईचा हक्क घेतला, आणि नळीसारखे कापड झपाट्याने निघू लागले. ते कापून कपडे शिवण्याची पद्धत रूढ होताच येथेही कड विणणाऱ्याच्या हातून सुटली. वऱ्हाडात धोतराकडून सदऱ्याकडे जाताना जे घडले, तेच होजिअरीच्या क्षेत्रात विणलेल्या मोज्याकडून कापून शिवलेल्या गंजीफ्रॉककडे जाताना घडले.

‘गंजी’ हा शब्द इंग्लिश खाडीतील गर्नसी बेटाच्या नावावरून आला असे मानले जाते. ‘जर्सी’ तर शेजारच्या बेटाचेच नाव. हे कपडे प्रथम परदेशातून आले. पुढे १८९३ साली कोलकात्याच्या खिदिरपूर भागात होजिअरीचा कारखाना निघाला आणि स्वदेशीच्या चळवळीने या धंद्याला बंगालमध्ये बळ दिले. लुधियान्यात लोकरी विणकाम वाढले. तिरुपूर येथे १९२५ च्या सुमारास या उद्योगाचा आरंभ झाला. जपानी मालाच्या स्पर्धेपासून देशी होजिअरीला १९३४ च्या कायद्याने संरक्षणही मिळाले.

५. ताणाचे गणित

होजिअरीच्या कापडावर टीप का तुटते, याचे उत्तर दोऱ्याच्या हिशेबात आहे. टीपेला शिवणीच्या लांबीच्या साधारण २.५ पट दोरा लागतो, म्हणजे वरच्या व खालच्या दोऱ्याच्या वाट्याला प्रत्येकी सव्वापट. कड डोक्यावरून वा मनगटावरून ओढताना दीडपट लांबली, तर दोऱ्यापाशी द्यावयास काही उरत नाही. याउलट दोन दोऱ्यांच्या साखळी टाक्याला सुमारे ५.५ पट आणि तीन दोऱ्यांच्या ओव्हरलॉकला सुमारे १४ पट दोरा लागतो. हा जादा दोरा वाया जात नाही. तो वळशांच्या रूपाने टाक्यात शिलकीत असतो, आणि ताण येताच खर्ची पडतो. शिवणीची लवचिकता म्हणजे टाक्यात राखून ठेवलेला दोरा, अशी तिची व्याख्या करता येईल. गोधडीचा सैल धावदोरा टिकतो तो याच न्यायाने.

या शिलकीची साधने क्रमाक्रमाने सिद्ध झाली. जेम्स गिब्जचे एका दोऱ्याचे साखळी-यंत्र १८५७ चे. हेलन ब्लँचर्डचा नागमोडी टाका १८७३ चा. मेरो कंपनीच्या ओव्हरलॉक यंत्राचा हक्क १८८९ चा. ओव्हरलॉक कड कापतो आणि त्याच वेळी तिच्याभोवती दोरा गुंडाळतो. विसाव्या शतकाच्या प्रारंभी फ्लॅटलॉकची भर पडली. त्यात वरून दोन वा अधिक समांतर ओळी दिसतात आणि खाली दोऱ्यांची जाळी कापलेली कड झाकून टाकते. आजच्या कोणत्याही टी-शर्टची खालची कड उलटून पाहिल्यास ही रचना दिसून येते. कापडाला लहरी पडू नयेत म्हणून या यंत्रांत पुढे सरकविणाऱ्या दातांच्या दोन जोड्या वेगवेगळ्या गतीने चालविण्याची सोयही झाली. पुढची जोडी कापड किंचित जास्त पुरविते आणि त्यामुळे कड ताणून शिवली जात नाही.

६. वऱ्हाडात होजिअरीचे केंद्र का झाले नाही

ज्या प्रदेशात कापूस पिकतो तेथे कोलकाता वा तिरुपूरसारखे होजिअरीचे केंद्र का उभे राहू नये, या प्रश्नाला एक सोपे उत्तर संभवते. उमरा कापसाचा धागा आखूड, ७/८ इंचांहून कमी. आखूड तंतू एकत्र राहावेत म्हणून सुताला पीळ अधिक द्यावा लागतो, आणि अधिक पिळाचे सूत ताठर होते. होजिअरीला तर कमी पिळाचे मऊ सूत हवे. म्हणून वऱ्हाडचा कापूस या कामाचा नव्हता, असे म्हणता येईल.

हे उत्तर अर्धेच खरे आहे. १९६९ साली अकोल्यास कृषी विद्यापीठ स्थापन झाले. १९७० साली सुरत येथे डॉ. सी. टी. पटेल यांनी एच-४ हा संकरित वाण सिद्ध केला. अकोल्याच्या विद्यापीठाचे पीकेव्ही हायब्रीड-२ सारखे वाण आले. २००२ नंतर बीटी वाण सर्वत्र पसरले. लांब धाग्याचा कापूस आता वऱ्हाडात सर्रास पिकतो. तरीही तो गाठीत बांधून बाहेर जातो आणि बनियन होऊन परत येतो. तेव्हा कारण केवळ तंतूच्या लांबीत नव्हते.

दुसरे कारण टाक्यात सापडते. टीपेच्या कपड्याला एक यंत्र पुरे होते. साध्या बनियनला मात्र खांदे व बगल जोडण्यास ओव्हरलॉक, खालच्या कडेस फ्लॅटलॉक, गळ्याला धारेची पट्टी लावण्यास आणखी एक यंत्र, असा किमान तीन-चार यंत्रांचा संच लागतो. प्रत्येक यंत्र एकच काम जाणते, म्हणून ते दिवसभर चालले तरच परवडते. परिणामी काम एका शिंप्याच्या हातून निघून रांगेत बसलेल्या मजुरांकडे गेले, आणि तेथे रंगाई, धुलाई, सुटे भाग व दुरुस्ती यांची साथ असलेली शहरेच टिकली. होजिअरीचे उत्पादन दीर्घकाळ लघुउद्योगांसाठी राखीव होते व ते आरक्षण २००५ साली उठले. परंतु लघुउद्योग म्हणजे एकटा कारागीर नव्हे, हे येथे विसरता येत नाही. ‘एक शिंपी, एक यंत्र’ या सूत्राची जागा ‘एक कपडा, चार यंत्रे’ या सूत्राने घेतली, आणि अमरावती-अकोल्याचा शिंपी या व्यवहाराबाहेर राहिला.

भांडवल, पाणी, वीज व बाजार ही इतर कारणे गौण आहेत असा याचा आशय नाही. मात्र ती मागावरच्या कापडालाही लागू आहेत, आणि त्या कापडाचे शिवणकाम तर गावोगाव टिकून राहिले. दोहोंमधला भेद कडेच्या तंत्रातून येतो.

७. एका यंत्रावरची तडजोड

शिंपी या बदलापुढे निरुपाय झाला असेही नाही. शाळेची ट्रॅक पँट आखूड करणे, टी-शर्टची लांबी कमी करणे, ही कामे त्याच्याकडे येतातच, आणि ती साध्या यंत्रावर नीट करण्याची रीत कारागिरांनी बसविली आहे. कापड प्रथम धुऊन आटू द्यावयाचे. कड एकदाच दुमडावयाची, कारण होजिअरीची सुते फाडलेल्या कापडासारखी सुटत नाहीत आणि दुसरी घडी केवळ जाडी वाढविते. सुई गोल टोकाची घ्यावयाची, म्हणजे ती फासा न तोडता दोन फास्यांमधून जाते. कापडावर दाबणाऱ्या पायाचा दाब कमी करावयाचा आणि खाली कागदाची पट्टी ठेवून शिवल्यावर ती फाडून काढावयाची. दाब अधिक असला तर वरचा पदर मागे राहतो, खालचा पुढे सरकतो आणि कडेला लहरी पडतात. टाका अरुंद नागमोडी ठेवावयाचा; यंत्र केवळ सरळ टीपेचे असेल तर टाके बारीक आणि दोऱ्याचा ताण सैल. बॉबिनमध्ये लवचीक नायलॉनचा दोरा भरला तर टीपही बरीच तग धरते. शेवटी वाफेची इस्त्री देऊन कड बसवावयाची, ओढावयाची नाही.

या प्रत्येक उपायाचा हेतू एकच आहे : टाक्यात शक्य तेवढा दोरा शिल्लक ठेवणे. कारखान्याने जे चार यंत्रांनी साधले, ते कारागीर हाताच्या अंदाजाने साधतो. ते काम अधिक कौशल्याचे आहे, पण वेळ खाते. म्हणून नव्या कपड्याच्या बाजारात ते उतरू शकत नाही, दुरुस्तीपुरतेच राहते. याला समांतर असे दुसरे उदाहरण पिको-फॉलच्या लहान दुकानांचे आहे. महाराष्ट्राच्या बहुतेक गावांत ही दुकाने आढळतात व त्यांतील पुष्कळशी स्त्रिया चालवितात. गिरणीच्या साडीला काठ असला तरी पदराचे टोक कापलेले असते; ज्या टोकाशी पूर्वी दशा होत्या तेथे आता यंत्राचा नागमोडी टाका बसतो. विणकराने सोडलेली कड येथे तरी स्थानिक हातांत राहिली, याचे कारण हे काम एका यंत्रावर पुरे होते.

८. निष्कर्ष

सारांश, वऱ्हाडातील वस्त्राची कड दोनदा हातातून गेली. प्रथम ती मागावरून सुईवर आली. विणकराचे नुकसान झाले, पण शिंपी उभा राहिला आणि मोल गावातच राहिले. दुसऱ्यांदा ती टीपेकडून ओव्हरलॉक व फ्लॅटलॉककडे गेली, आणि या वेळी मोल प्रदेशाबाहेर गेले. पहिल्या स्थित्यंतराची चर्चा मँचेस्टरच्या संदर्भात पुष्कळ झाली आहे. दुसरे स्वतंत्र भारतात, आपल्याच बाजारपेठेच्या अंतर्गत घडले, म्हणून ते फारसे नजरेत भरले नाही.

मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केलेल्या सात एकात्मिक वस्त्रोद्यानांत अमरावतीचा समावेश झाला व सप्टेंबर २०२४ मध्ये त्याची पायाभरणी झाली. शेतापासून तयार कपड्यापर्यंतची साखळी एका ठिकाणी आणणे हा या योजनेचा घोषित हेतू आहे. येथील इतिहास पाहता, तिच्या यशाची कसोटी सूतगिरणीच्या चात्यांच्या संख्येवर लावून भागणार नाही. वऱ्हाडात चात्या पूर्वीही होत्या. ताणणाऱ्या कापडाची कड नीट बांधणारे प्रशिक्षित हात येथे किती तयार होतात, आणि गावातील एका यंत्राच्या कारागिराला त्या रांगेत मजुराहून वरचे स्थान मिळते की नाही, हे त्या कसोटीचे खरे प्रश्न आहेत. शेतातून निघालेल्या कापसाची शेवटची कड शेताच्या जवळ बांधली गेली, तर दीडशे वर्षांहून अधिक काळ एकाच दिशेने वाहणाऱ्या मोलाला प्रथमच वळसा मिळेल. बाण्याचे सूत काठाशी येऊन परत फिरते, तेव्हाच कापड धरते. प्रदेशाच्या अर्थव्यवहारालाही हा नियम लागू आहे.